डाव्या खांद्यावरचा मफलर

सुईदोरा नावाची दुकानं होती, तेव्हाचं थोडं आधी सांगायला हवं. त्याशिवाय बटणबाई एका रविवारी आपल्याच घरात एवढी का बिथरली ते कळायचं नाही.

कापड, अस्तर, बटणं, लेस, सुया, दोरे, शिलाई मशीनचे सुटे भाग, सगळं एका छपराखाली विकणारी ही दुकानं. गावोगावी शाखा. मालकाचा हट्ट असा, की कुठल्याही शाखेत शिरा, आत सगळं तेच आणि तिथंच. दारातून आत आलं की डावीकडे बटणं, उजवीकडे दोरे, मधे कापड कापायचं लांब टेबल, मागे ताक्यांच्या फळ्या आणि पार टोकाला अस्तराचं कोठार. एका गावची मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, की नवरा कसा आहे हे कळायला तिला वर्ष लागायचं. काळा दोरा कुठे आहे हे पहिल्याच दिवशी ठाऊक असायचं.

मालकाचा दुसरा हट्ट म्हणजे गिऱ्हाइकासमोर नोकरांनी आपसात बोलायचं नाही. आता तुम्हीच सांगा. चार बायका आणि दोन पुरुष दिवसभर एका दालनात उभे करायचे, त्यांच्यासमोरून माणसांचे नाना नमुने सोडायचे, आणि वर म्हणायचं की गप्प बसा. माणूस फुटेल की. तोंडाला कुलूप लागलं तेव्हा त्या मंडळींनी गळ्यातल्या टेपला बोलायला लावलं.

मोजायची टेप तर सगळ्यांच्याच गळ्यात असायची. ती दोन्ही बाजूंनी सारखी लोंबत असली तर काही विशेष नाही. उजव्या खांद्यावर टाकली तर हे गिऱ्हाईक घेणार, कात्री तयार ठेवा. मुठीला गुंडाळली तर सावध, हे भांडकुदळ आहे. अशा वेळी नियम ठरलेला होता: गिऱ्हाईक जे म्हणेल त्याला मान डोलवायची, तुमचंच खरं म्हणायचं आणि बोटभर कापड जास्त द्यायचं. टेप कोपरात अडकवली तर मला सोडवा. मग जो कोणी मोकळा असेल तो पुढे येऊन म्हणायचा, "बाई, तुम्हाला आत बोलावलंय." आत कोणी नसायचं. आत अस्तराचे गठ्ठे आणि पाण्याचा माठ. त्या गठ्ठ्यांवर बसून पोटभर हसून घ्यायचं आणि चेहरा सरळ करून बाहेर यायचं.

आणि डाव्या खांद्यावर टाकली तर: नुसतं बघणार, घेणार नाही.

बदल्या होत तशी ही भाषा शाखाशाखांतून पसरली. एकदा बटणांच्या काउंटरवरची आमची बटणबाई सुट्टीत बहिणीकडे गेली होती. सहज म्हणून तिथल्या सुईदोऱ्यात शिरली, तर काउंटरवरच्या पोरीने तिच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि टेप डाव्या खांद्यावर टाकली. बटणबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. बोलायची सोय नव्हती, कारण पोरगी एक अक्षर बोललेली नव्हती. बटणबाईने समोर दिसेल त्या ताक्यावर बोट ठेवलं आणि पाच मीटर कापायला लावलं. कापड निघालं भडक नारिंगी, त्यावर वांगी फुटल्यासारखे जांभळे डाग. त्याचं काय करायचं हा प्रश्न तिच्या घरात पुढे बरीच वर्षं चालला. उशा झाल्या, इस्त्रीच्या टेबलाचं कव्हर झालं, शेवटी शेजारच्या कुत्र्याला थंडीचा अंगरखा झाला. तो घालून कुत्रा घराबाहेर पडेना.

तेव्हा डावा खांदा ही गोष्ट साधी नाही, एवढं ध्यानात ठेवा.

या भाषेत सगळ्यांत मुरलेला माणूस म्हणजे मीटरराव. कापायच्या टेबलावरचा. उंच, सडसडीत, पाठ अशी सरळ की ताका मोजायची पट्टी हरवली तर यालाच आडवा घाला, असं सगळे म्हणायचे. म्हणून मीटरराव. गिऱ्हाईक दारातून पायपुसण्यावर यायचं आणि याची टेप या नाहीतर त्या खांद्यावर गेलेली असायची. त्याचा अंदाज चुकलेला कुणी पाहिला नव्हता. बटणबाई समोरच्या काउंटरवरून बघायची आणि हसू दाबायला बटणांच्या डब्यात डोकं घालायची.

पुढे तयार कपड्यांचा जमाना आला. शिवून घेण्यापेक्षा विकत घेणं स्वस्त पडू लागलं. एकेक शाखा बंद झाली, मंडळी पांगली. कुणी मुलाकडे गेलं, कुणी कायमचं गेलं. बटणबाईचे यजमान गेले, मीटररावांची बायको गेली, आणि दोघांनाही एकमेकांचं काही कळलं नाही.

मग एक दिवस बटणबाई बाजारातून परत येताना जुन्या दुकानापाशी थांबली. तिथे आता व्यायामशाळा झाली होती. मोठी काच, आत ओळीने धावायची यंत्रं. काचेसमोर एक उंच म्हातारा आधीच उभा होता.

"बटणांच्या जागी माणसं पळतायत," तो स्वतःशीच म्हणाला.

"पळतायत, पण पोचत नाहीत कुठे," बटणबाई म्हणाली.

"आपली गिऱ्हाइकं तरी कुठे पोचायची," म्हणून म्हातारा वळला, आणि त्या ताठ पाठीवरून बटणबाईने ओळखलं, हे तर मीटरराव.

त्यानंतर बागेतल्या बाकावर भेटी सुरू झाल्या. आधी कधीमधी, मग ठरवून, मग पाऊस असला तरी छत्री घेऊन. बोलणं सगळं दुकानाचं. तो अस्तराचा साहेब आठवतो का, ती रोज एकच बटण घेणारी बाई आठवते का. पण दुकानाच्या गप्पा दुकानापुरत्याच नसतात हे न कळायला बटणबाई काही कुक्कुलं बाळ नव्हती. आणि एक दिवस मीटरराव छत्री मिटत म्हणाले, "रविवारी घरी येतो तुमच्या. एक विचारायचंय. सगळ्यांसमोर विचारलेलं बरं."

"या की," बटणबाई म्हणाली. घरी येताना तिची किल्ली दोनदा चुकीच्या कुलपात गेली.

तिने सुनेला सांगितलं. सून म्हणजे तोंडाने फटकळ आणि मनाने मोकळी. ती म्हणाली, "आई, तुम्ही हो म्हणणार आहात का?"

"आधी विचारू तर देत."

"म्हणजे हो म्हणणार आहात."

मुलाला मात्र ते पटलं नाही. मुलगा चाळिशीचा, कपाळाला कायमची आठी. तो म्हणाला, "या वयात? लोक काय म्हणतील?"

"लोकांना दुसरं काम नाही, म्हणून ते म्हणतील," बटणबाई म्हणाली. "तुला आहे ना काम? मग कर." पण आत कुठेतरी तिलाही धाकधूक होती. मीटररावांनी एकदा सगळ्यांसमोर सरळ विचारलं, तर ती सरळ हो म्हणणार होती. तिने तसं मनाशी पक्कं केलं होतं. विचारायला मात्र त्यांनीच हवं. उगाच आपण होऊन गळ्यात पडायचं नाही.

रविवारी दुपारी घंटा वाजली. सुनेने दार उघडलं. मीटरराव इस्त्रीचा सदरा घालून ताठ उभे, हातात बिस्किटांचा पुडा, आणि व्यवस्थित लांब घडी घातलेला करड्या रंगाचा मफलर. डाव्या खांद्यावर.

बटणबाईने हातातला ट्रे खाली ठेवला.

आधी तिला वाटलं, चुकून असेल. मग वाटलं, चुकून कसा असेल? खांद्यावर काय टाकायचं आणि कुठल्या, यात या माणसाचा जन्म गेला. गळ्यात गुंडाळून येता आलं असतं. हातात धरता आला असता. घडी घालून, मापात, नेमका डावीकडे टाकलाय. म्हणजे आपण बाकावर बसून हसत होतो तेव्हा हा माणूस नुसतं बघत होता. ताके उलगडायला लावायचे, बोटांत कापड चोळून पाहायचं, "छान आहे हो" म्हणायचं आणि निघून जायचं, त्यातला प्रकार.

"बसा," ती म्हणाली. असं बोलली की सुनेने वळून पाहिलं.

मीटरराव बसले. भिंती बघितल्या. छत बघितलं. शेजारचा पडदा दोन बोटांत धरून चोळून बघितला.

"छान आहे हो," ते म्हणाले.

बटणबाई स्वयंपाकघरात गेली आणि कपबशा अशा काढल्या की शेजाऱ्यांना कळावं, या घरात आज चहा आहे. मीटररावांसाठी कान तुटलेला कप निवडला. सून मागोमाग आली.

"आई, काय झालं? आत्ता तर बरं होतं सगळं."

"बघायला आलेत ते. नुसतं बघायला."

"तुम्हाला कसं कळलं? ते तर पडद्याशिवाय कशावरच बोलले नाहीत."

"आम्हाला कळतं," बटणबाई म्हणाली.

बाहेर मुलाने उलटतपासणी सुरू केली होती. तब्येत कशी आहे, घर स्वतःचं आहे का, किती मजले चढावे लागतात, एकटेच असता मग जेवण कोण करतं. मीटरराव एकेका प्रश्नाला उत्तर देत होते आणि दर उत्तरानंतर तोंड उघडून काहीतरी बोलायला जात होते. तेवढ्यात पुढचा प्रश्न यायचा आणि तोंड मिटायचं. चहा आला. कान तुटलेला कप त्यांनी दोन्ही तळव्यांत धरला, चटका बसला, पण बोलले नाहीत.

बटणबाई समोर बसली. हातात कपबशा पुसायचा पंचा होता. रागाच्या भरात तिने तो मुठीला गुंडाळायला सुरुवात केली. एक वेढा, दोन वेढे, घट्ट.

मीटररावांची नजर त्या मुठीवर गेली आणि त्यांची पाठ होती त्याहून सरळ झाली. मुठीला गुंडाळलं म्हणजे भांडकुदळ गिऱ्हाईक. त्यांनी सावधपणे बटणबाईकडे पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं, आणि सगळा उलगडा झाल्यासारखी मान हलवली.

"तर माझं म्हणणं असं काका," मुलगा म्हणत होता, "की या वयात नव्या भानगडी कशाला?"

"तुमचंच खरं, साहेब," मीटरराव म्हणाले.

मुलगा जरा थबकला. "म्हणजे मैत्री वगैरे ठीक आहे. बागेत बसा, बोला. पण त्यापुढे..."

"अगदी. त्यापुढे कशाला."

"लोक हसतील."

"हसणारच. मी असतो तर मीही हसलो असतो."

सून चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबली. बटणबाईने पंच्याला आणखी एक वेढा दिला. बोटं पांढरी पडली.

"आईला इथे काही कमी नाही," मुलगा म्हणाला. त्याला आता जोर आला होता. भांडायला कंबर कसून बसलेल्या माणसाला समोरचा भेटू नये तसं झालं होतं, आणि तो उगाच हवेत हातवारे करत होता.

"कमी कसं असेल साहेब. उलट जास्तच आहे," म्हणून मीटररावांनी आपल्यापुढची बिस्किटांची बशी मुलाच्या बशीशेजारी सरकवली आणि आपलं एक बिस्कीट त्याच्या बशीत ठेवलं. "हे घ्या. वरचं."

मुलाने बिस्किटाकडे पाहिलं, मग बायकोकडे. "हे काय चाललंय?"

"मला काय विचारता? मी सून आहे," ती म्हणाली.

बटणबाईला आता तिथे बसवेना. या लोकांसमोर रडायचं नव्हतं. तिने मुठीवरचा पंचा सोडला, कोपराच्या खाचीत अडकवला आणि खिडकीबाहेर पाहू लागली. तिने हे मुद्दाम केलं असं कुणी म्हणू नये. जन्मभराची सवय हाताला असते, ती डोक्याला विचारत नाही.

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मीटरराव उभे होते, टेबलामागे उभे राहायचे तसे.

"बाई," ते म्हणाले, "तुम्हाला आत बोलावलंय."

मुलाने आणि सुनेने एकमेकांकडे पाहिलं.

"कुणी?" मुलाने विचारलं.

"आत," मीटरराव म्हणाले.

"आत कोणी नाहीये. आम्ही चौघंच आहोत घरात."

"तरी बोलावलंय."

बटणबाई उठली. रागावलेली होती, दुखावलेली होती, पण आत बोलावलंय म्हटल्यावर तिचे पाय आपोआप उठले. ती स्वयंपाकघरात गेली. तिच्यामागून मीटररावही आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. बाहेरून मुलाचा आवाज आला, "अगं, हे आपल्याच घरात..." आणि सुनेचा, "बसा खाली. ते वरचं बिस्कीट खा."

"काय झालं?" मीटरराव हळू आवाजात म्हणाले. "त्याच्यापासून सोडवलं मी तुम्हाला. फार भांडकुदळ आहे हो तुमचा मुलगा. बरं झालं तुम्ही आधीच सांगितलंत. मी सगळं नियमाप्रमाणे केलं. हो ला हो, आणि बोटभर जास्त."

बटणबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे लोक हसतील म्हणालात ते..."

"गिऱ्हाइकाला समजावायला."

"त्यापुढे कशाला म्हणालात ते?"

"तेही. तुम्हीच मूठ दाखवलीत की."

"मूठ त्याच्यासाठी नव्हती. तुमच्यासाठी होती." बटणबाईचा आवाज चढला, मग दाराकडे बघून उतरला. "दारात पाऊल टाकलंत तेव्हापासून खांद्यावर काय टाकलंय ते बघा जरा. आणि वरून पडदा चोळता. छान आहे हो. नुसतं बघायचं होतं तर बागेतला बाक काय वाईट होता? पोराच्या घरी येऊन, सुनेला बिस्किटं मांडायला लावून, माझी शोभा कशाला?"

मीटररावांनी मान वाकवून आपला डावा खांदा पाहिला. बराच वेळ पाहिला. मग त्यांचा चेहरा असा उतरला की बटणबाईला क्षणभर दया आली.

"उजवा खांदा धरलाय हो," ते म्हणाले. "गुरुवारी वरच्या फळीवरचा डबा काढायला गेलो आणि कट्ट झालं. डॉक्टर म्हणाले, त्याच्यावर भार नको."

"मफलरचा भार?"

"लोकरी आहे."

बटणबाईने पंचा तोंडात दाबला.

"हसू नका. आणि डावा उजवा बघायला डोकं ठिकाणावर होतं कुठे? घरातून निघाल्यापासून एक वाक्य घोकत आलो. बसमध्ये घोकलं, जिन्यात घोकलं. आत आलो तर तुमचा चेहरा असा. मग मुलाचे प्रश्न. वाक्य अर्धं विसरलो. म्हणून पडदा धरला. हाताला कापड लागलं की मला जरा धीर येतो."

"पडदा भिकार आहे," बटणबाई म्हणाली.

"हो. मी बोललो नाही."

दोघंही गॅसच्या शेगडीपाशी उभी होती. पातेल्यात चहाचा चोथा वाळत होता. बाहेर मुलगा काहीतरी कुरकुरत होता आणि सून त्याला गप्प करत होती. बटणबाईला आता या न बोलण्याचा राग यायला लागला. इतकी वर्षं टेपमागे लपून बोलत आलो. कुणी इकडे टाकली, कुणी तिकडे अडकवली, आणि ज्याचं त्याने समजून घ्यायचं. गिऱ्हाइकांसाठी ते ठीक होतं. गिऱ्हाईक निघून जायचं.

"वाक्य अर्धं आठवतंय ना?" ती म्हणाली. "तेवढं बोला. हातात काही धरू नका, तो मफलर ओट्यावर ठेवा आणि तोंडाने बोला."

मीटररावांनी मफलर ओट्यावर ठेवला. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. शेवटी दोन्ही पाठीमागे घेतले, उजवा घेताना कळवळले.

"माझ्या घरात दोन खोल्या आहेत," ते म्हणाले. "एकीत मी असतो. दुसरीत मी जात नाही, कारण तिथे जाऊन काय करायचं. तुम्ही आलात तर... म्हणजे रीतसर. नोंदणी करून. म्हणजे तुमच्या मुलाला नावं ठेवायला जागा नको. पुढचं विसरलो."

"पुढे काय असणार होतं?"

"पुढे चांगलं होतं. जिन्यात पाठ होतं."

तिने ठरवलं होतं की विचारलं की सरळ हो म्हणायचं. पण आता प्रत्यक्ष विचारल्यावर तिच्या लक्षात आलं, की या माणसाबद्दल तिला माहीत असलेलं सगळं दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंतचं आहे. दुकानाबाहेरचं काहीच नाही.

"घोरता का?" तिने विचारलं.

मीटररावांनी प्रामाणिकपणे विचार केला. "माहीत नाही. सांगायला कुणी नाही."

"बरं. मी सांगेन," बटणबाई म्हणाली, आणि दार उघडून बाहेर गेली.

मुलगा दाराला इतका चिकटून उभा होता की त्याचं कपाळ दारावर आपटलं. सून कोचावर बसून उरलेली बिस्किटं संपवत होती.

"मी जाणार आहे यांच्या घरी राहायला," बटणबाई म्हणाली. "आधी नोंदणी, मग सामान. सामान तू न्यायचंस, त्यांचा हात दुखतोय."

"पण ते तर म्हणाले की त्यापुढे कशाला! माझ्याशी सगळं कबूल केलं त्यांनी."

"तुमचंच खरं, साहेब," मीटरराव मागून म्हणाले. बटणबाईने डोळे वटारले तसे ते घाईने म्हणाले, "नाही, म्हणजे यावेळी यांचं खरं."

मुलगा मटकन बसला. त्याने कपाळ चोळलं. मग लहानपणी विचारायचा तशा आवाजात म्हणाला, "आणि आम्ही?"

बटणबाई त्याच्याशेजारी बसली. तिला त्याचा राग आला नव्हता. उलट एवढा मोठा घोडा झालेला मुलगा, आठी घेऊन फिरतो, तो लोकांच्या हसण्याला नव्हे तर रिकाम्या खोलीला भीत होता, हे तिला आत्ता दिसलं.

"बसचे दोन थांबे सोडून तर घर आहे त्यांचं," ती म्हणाली. "रस्ता ओलांडायला मीच शिकवलंय तुला. ये की."

"जेवायला?"

"जेवण काका करतात म्हणाले ना मघाशी. कसं करतात ते मलाही बघायचंय."

"आमटी येते," मीटरराव म्हणाले. "बाकीचं शिकतोय."

सुनेने रिकामा पुडा झटकला आणि उठली. "चहा पुन्हा टाकते. आणि आई, यावेळी धड कप काढा."